रिकामं भांडं परत करू नये

कान देऊन : भाग ११

गेल्या महिन्यात चौलला एका हळदीला गेलो होतो. नारळी-पोफळीच्या वाडीत मांडव घातलेला. दुपारी लग्नाची गाणी म्हणणारी धवलारीण येऊन गेली होती. रात्री बेंजो पार्टी आली. टेम्पोच्या हौद्यात रचलेले स्पीकर, मागे धडधडणारा जनरेटर आणि पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर मांडीवर पेटी घेऊन बसलेला बेंजोवाला. पहिला सूर लागण्याआधीच स्पीकरनं लांबलचक शिट्टी मारली. म्हाताऱ्यांनी कानांवर हात ठेवले आणि पोरं ओट्यावरून उठली.

पुतणी माझ्या शेजारी बसली होती. ती मुंबईत शिकते, शनिवारी मांडव्याच्या बोटीनं घरी येते आणि येताना चार नवी गाणी घेऊन येते. तिनं आपल्या कानातला एक इयरफोन काढून माझ्या कानात खोचला.

"काका, हे ऐका. जपानी मुली आहेत, तिघीच. चाळीस वर्षांपूर्वीचं आहे."

गिटार खरखरत होती. ढोल रॉकेलच्या डब्यासारखा वाजत होता. गाणारी बाई सुराच्या आसपास होती, अगदी सुरावर नव्हती. पण गाणं चाललं होतं ते उतारावरच्या सायकलीसारखं, ब्रेक न लावता, मजेत. दुसऱ्या कानात चौलचा बेंजो एका हिंदी सिनेमातल्या गाण्याची चाल सोलून काढत होता.

"छान आहे," मी म्हणालो.

"छान आहेच. पण इतकं कच्चं का? नंतर त्या जगभर गाजल्या. मग पहिलंच रेकॉर्डिंग कुणी नीट का नाही करून दिलं?"

त्या गोंगाटात मला उत्तर सुचलं नाही. या लेखमालेत आतापर्यंत आपण ध्वनिमुद्रणाचं तंत्र पाहत आलो. गेल्या भागात तबकडीवर खाच कशी कापतात ते पाहिलं. आजचा भाग त्या प्रश्नासाठी. एखाद्या बँडचं पहिलं ध्वनिमुद्रण कसं ऐकायचं? त्यातही ज्या बँडमध्ये पुढे बाई उभी आहे, चाल जुन्या वळणाची आहे आणि वाजवणं आडदांड आहे, अशा बँडचं?

आजीची पेटी

या संगीताला तीन-चार विशेषणं एकदम लावतात : रेट्रो, इंडी, पंक-पॉप. एकेक सोडवून घेऊ.

पॉप म्हणजे तीन मिनिटांत कानात बसणारी चाल. पंक म्हणजे तीच चाल तीन-चार कॉर्डांवर, भरधाव, कुणाची परवानगी न मागता वाजवणं. इंडी हा 'इंडिपेंडंट'चा लाडका अवतार : मोठ्या कंपनीच्या दारात न थांबता आपली आपण रेकॉर्ड काढणं. मराठी वाचकाला हे नवं नाही. १९५४ साली दिलीप चित्रे, अरुण कोलटकर आणि रमेश समर्थ यांनी 'शब्द' हे अनियतकालिक सायक्लोस्टाइल करून काढलं. शाई पसरलेली, कागद साधा, पण संपादकाची मेहेरबानी नको होती. इंडी रेकॉर्ड म्हणजे गाण्याचं सायक्लोस्टाइल.

राहिलं रेट्रो. आजीच्या पेटीतली नऊवारी काढून तिचा ड्रेस शिवणाऱ्या मुली आपल्या घरोघरी आहेत. काठ आजीचा, बेत नातीचा. रेट्रो बँड असंच करतो. मग विचारायचं ते इतकंच, की पेटी कुणाची?

बहुतेक वेळा ती १९६३ सालच्या अमेरिकेतली असते. त्या काळात तिकडे मुलींच्या गायन-चमूंची लाट होती : तीन-चार मुली, एकसारखे झगे, फुगवलेले केस, पुढे एक गाणारी आणि मागे साथ देणाऱ्या. रोनेट्स या चमूचं 'बी माय बेबी' त्याच वर्षी आलं. निर्माता फिल स्पेक्टर, स्टुडिओ लॉस एंजेलिसचा गोल्ड स्टार, ढोलावर हॅल ब्लेन. गाणं सुरू होण्याआधी ढोल एकटाच वाजतो : धूम… धूम-धूम, चाक! हा ठेका पुढे इतक्या बँडांनी उचलला, की तो आता कुणा एकाचा राहिलेला नाही. स्कॉटलंडच्या जीझस अँड मेरी चेन या बँडनं १९८५ साली 'जस्ट लाइक हनी'ची सुरुवात त्यानंच केली.

त्या गाण्यांतला घुमारा कसा आणत असत तेही सांगतो. गोल्ड स्टारमध्ये घुमाऱ्यासाठी टणक भिंतींच्या बंद खोल्या होत्या. स्टुडिओतला आवाज एका स्पीकरमधून त्या खोलीत सोडायचा, भिंतींवर आपटून आलेला घुमारा मायक्रोफोननं टिपायचा आणि मूळ गाण्यात परत मिसळायचा. वाडीतल्या आडात तोंड घालून हाक मारा. त्या आडाला एक मायक्रोफोन जोडला की झाली घुमाऱ्याची खोली.

आता उसनवारीची साखळी पाहा. न्यूयॉर्कचा रामोन्स हा पंकचा मूळपुरुष समजला जाणारा बँड. त्यांचा पहिला अल्बम १९७६ साली सुमारे ६,४०० डॉलर खर्चून आठवडाभरात उरकला होता. पण त्या धडाडधूमच्या तळाशी चाली आहेत त्या रोनेट्सच्या जमान्यातल्या, म्हणूनच १९८० साली त्यांच्या अल्बमचा निर्माता खुद्द फिल स्पेक्टर झाला. त्याच १९७६ साली, त्याच शहरात ब्लाँडी या बँडचं पहिलं गाणं 'एक्स ऑफेंडर' निघालं. पुढे उभी डेबी हॅरी. ती सुरुवातीला गात नाही, जुन्या चमूंमधल्या मुलींसारखी बोलते. निर्माता रिचर्ड गॉटेहरर. १९६३ सालचं एंजल्स या मुलींच्या चमूचं गाजलेलं 'माय बॉयफ्रेंड्स बॅक' लिहिणाऱ्यांपैकी हाही एक. म्हणजे पंकच्या पहिल्या दिवशीच आजीची पेटी उघडली गेली होती, आणि किल्लीवाला माणूसही तोच होता.

दहा वर्षांनी, १९८६ साली, इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डला तलूला गॉश नावाचा बँड उभा राहिला. पुढे दोन मुली, अमेलिया फ्लेचर आणि एलिझाबेथ प्राइस. दोघींच्या कपड्यांवर पेस्टल्स या एकाच बँडचा बिल्ला होता, तेवढ्यावरून ओळख झाली. त्यांच्या रेकॉर्डी काढणाऱ्या छोट्या कंपनीचं नाव '५३र्ड अँड ३र्ड' हे रामोन्सच्या एका गाण्यावरून घेतलेलं. पुढे फ्लेचर अर्थशास्त्राची प्राध्यापक झाली, प्राइसला २०१२ साली दृश्यकलेतलं टर्नर पारितोषिक मिळालं. बँड दोनेक वर्षंच चालला, पण त्याच्या पहिल्या रेकॉर्डी लोक अजून शोधतात.

समुद्रापलीकडची मुंबई

"हे सगळं साता समुद्रापलीकडचं," असं कुणी म्हणेल. एकाच खाडीपलीकडचं सांगतो. मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहिलं की समोर मुंबई दिसते. साठच्या दशकाच्या शेवटी त्या शहरात गिटारी आणि ढोल घेतलेल्या मुलांचे बँड पावसाळी छत्र्यांसारखे उगवले होते : जेट्स, कम्बस्टिबल्स, मिस्टिक्स, सॅव्हेजेस. एका सिगारेट कंपनीनं आपल्या 'सिमला' छापाच्या नावानं बँडांच्या स्पर्धा भरवल्या आणि १९७० व १९७१ सालच्या स्पर्धांमधल्या गाण्यांच्या लाँग-प्ले तबकड्याही निघाल्या. पुढे देशोदेशीचे संग्राहक त्या तबकड्यांसाठी पैसे मोजू लागले.

अमेरिकेत अशाच नवशिक्या बँडांना 'गराज बँड' म्हणत, कारण सराव घरच्या मोटारीच्या गराजात चाले. १९७२ साली लेनी के यानं अशा बँडांची १९६५ ते १९६८ मधली गाणी 'नगेट्स' नावाच्या संग्रहात एकत्र केली आणि सोबतच्या टिपणात त्यांच्यासाठी पंक हा शब्द वापरला. रामोन्स अजून जन्मायचे होते. पंकचं बारसं झालं ते असं, मागे वळून, गराजवाल्यांच्या नावानं.

मुंबईच्या या बँडांमध्ये बहुतेक मुलगेच. सॅव्हेजेसनं मात्र आशा पुथलीसोबत एक ईपी काढली. आशा मुंबईतच वाढलेली. हिंदुस्थानी शास्त्रीय गाण्याची तालीम घेतलेली आणि पाश्चात्य ऑपेराचीही. ईपी म्हणजे सात इंची, मिनिटाला ४५ फेरे घेणारी, बहुधा चार गाण्यांची तबकडी. तिच्यावरचं एक गाणं 'एंजल ऑफ द मॉर्निंग'. लिहिलं चिप टेलरनं. अमेरिकेत १९६८ साली मेरिली रश या गायिकेच्या आवाजात ते गाजलं होतं. म्हणजे गाणं उसनं, तेही ताजं ताजं. त्याच सुमारास भायखळ्याच्या पोलीस वसाहतीत वाढलेली उषा अय्यर, आजची उषा उथुप, हिचीही पहिली ध्वनिमुद्रणं झाली. त्यातलं १९६८ सालचं 'जांबालाया' हेसुद्धा अमेरिकी कंट्री गाणं. थोड्याच काळात ती कांजीवरम नेसून नाइटक्लबमध्ये इंग्रजी गाणी गाऊ लागली.

आपल्याकडच्या या पहिल्या रेकॉर्डींवर नकलेचा शिक्का चटकन बसतो. तो मारण्याआधी त्या काळचं गणित बघू या. रेकॉर्ड कंपन्या मोजक्या; तबकड्या छापण्याचा मोठा कारखाना कोलकात्याजवळ दमदमला. इंग्रजी गाणी विकत घेणारा वर्ग लहान, आणि तो दुकानात येतो ते रेडिओवर ऐकलेलं नाव विचारत. अशा वेळी नवख्या बँडला ओळखीचंच गाणं गावं लागे. स्टुडिओचे तास मोजून मिळत. सगळ्यांनी एकत्र उभं राहून वाजवायचं, एकाची चूक म्हणजे सगळ्यांची चूक. दुरुस्तीला जागा नाही, पैसेही नाहीत.

मग गायिकेचं स्वतःचं उरतं काय? उरतं ते दोन सुरांच्या मधल्या वाटेत. चाल ठरलेली, शब्द ठरलेले. पण एका सुरावरून दुसऱ्यावर उडी मारायची की घसरत जायचं, हे गाणारीच्या हातात असतं. तालीम घेतलेला गळा घसरतो, आपण त्याला मींड म्हणतो. आशाची ती जुनी गाणी मिळाली तर बाकी सगळं सोडून या वाटा ऐका.

पुढे जे झालं ती या वाटांचीच गोष्ट आहे. वेद मेहता यांच्या १९७० साली आलेल्या 'पोर्ट्रेट ऑफ इंडिया' या पुस्तकात मुंबईतल्या जॅझवर लिहिताना आशा पुथली येते. ती नृत्याची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कला पोचली. तिथे जॉन हॅमंड या नामांकित निर्मात्यामुळे ऑर्नेट कोलमनशी गाठ पडली. कोलमन हा जॅझमधला बंडखोर, ठरल्या चौकटी मोडणारा. त्याच्या 'सायन्स फिक्शन' या १९७२ सालच्या अल्बममध्ये तिनं दोन गाणी गायली. तिथे चाल उसनी नव्हती आणि ओळखीच्या रस्त्याचा आधारही नव्हता. तिथे तो घसरणारा, तरंगणारा गळा उघडा पडला आणि टिकला. १९७३ साली तिच्या स्वतःच्या नावाचा पहिला अल्बम आला. त्यात पुन्हा उसनी गाणी. जॉर्ज हॅरिसनचं 'आय डिग लव्ह' घेऊन तिनं त्यात श्वास, हसू आणि कुजबुज इतकी भरली, की मूळ गाणं ओळखायला क्षणभर लागतो. १९७६ सालच्या 'स्पेस टॉक'वर न्यूयॉर्कची तरुण मंडळी नाचली आणि नंतरच्या पिढीतल्या रॅपरांनी त्याचे तुकडे आपल्या गाण्यांत जोडले. कधीकाळी मुंबईत उसनं घेणारी बाई आता इतरांना उसनं देत होती.

ओसाकाची घासणी

आता पुतणीच्या फोनमधल्या तिघींकडे येऊ. शोनेन नाइफ हे त्यांचं नाव, म्हणजे 'पोराचा चाकू'. जपानमधल्या ओसाका शहरात १९८१ च्या डिसेंबरात नाओको यामानो, तिची बहीण आत्सुको आणि मैत्रीण मिचिए नाकातानी यांनी हा बँड काढला. पहिला कार्यक्रम मार्च १९८२ मध्ये. नोकरी सांभाळून वाजवणं चालायचं. रंगमंचावरचे एकसारखे झगे आत्सुको शिवायची. रोनेट्सची पेटी इथेही उघडलेली दिसतेच. आवडते बँड बीटल्स आणि रामोन्स. १९८२ सालीच त्यांनी स्वतः एक कॅसेट काढली, १९८३ साली 'बर्निंग फार्म' हा छोटा अल्बम एका लहान जपानी कंपनीनं काढला.

कॅसेट हे फिलिप्स कंपनीनं १९६३ साली आणलेलं साधन. आपल्याकडे ऐंशीच्या दशकात तिनं काय उलथापालथ केली ते कोळीवाड्यांत विचारा. मोठ्या कंपनीच्या स्टुडिओत ज्यांना कुणी बोलावलं नसतं, त्यांची गाणी नाक्यावरच्या पानटपरीत वाजू लागली. पंकवाल्यांनाही ती तशीच पावली. शिवाय १९७९ साली टॅस्कमनं 'पोर्टास्टुडिओ' हे यंत्र आणलं, त्यानं साध्या कॅसेटवर चार वेगवेगळे पट्टे मुद्रित करता येऊ लागले. ढोल एकावर, गिटार दुसऱ्यावर, गळा तिसऱ्यावर. पट्टे कमी पडले तर भरलेले तीन एकत्र करून चौथ्यावर उतरवायचे आणि मोकळ्या झालेल्या पट्ट्यांवर पुन्हा वाजवायचं. दर वेळी टेपचा फुसफुसाट थोडा वाढे. कागदाची झेरॉक्स, त्या झेरॉक्सची झेरॉक्स, तसंच ते.

खरखरीचं कारण आणखी एक आहे. टेपवर मावेल त्यापेक्षा मोठा आवाज पाठवला, की ध्वनिलहरींचे शेंडे चेपले जातात. हातानं दाबलेल्या पुरणपोळीसारखा आवाज पसरतो, जाड होतो. अभियंता याला दोष म्हणतो. गिटारवाल्याला तो हवा असतो, आणि हळदीतल्या बेंजोवाल्यालाही.

पण मला शोनेन नाइफची गोडी लागली ती आवाजाआधी विषयांमुळे. 'बर्निंग फार्म'मध्ये एक गाणं आहे ते भांडी घासायच्या घासणीवर. जपानमध्ये कासव छापाची एक घासणी विसाव्या शतकाच्या सुरुवातीपासून घरोघरी आहे, ताडमाडाच्या जातीतल्या झाडाच्या राठ तंतूंची. आपण नारळाचं सोडण सोलून त्याच्या शेंडीनं पातेली घासतो, तिचीच ही चुलत बहीण. रामोन्सचा ठोका उसना, साठच्या दशकातल्या मुलींचे झगे उसने, आणि आत भरलंय काय, तर ओसाकातल्या स्वयंपाकघरातली घासणी. इथे माझी आजी आठवते. शेजारून वाटीभर साखर उसनी आणली तर फेडताना वाटी कधी रिकामी जात नसे. साखर परत जायचीच, वर घरचं काहीतरी : चार आमसुलं, एखादा पोह्याचा पापड. "रिकामं भांडं परत करू नये," ती म्हणायची. उसनवारीची लाज नव्हती तिला. लाज होती ती रिकाम्या भांड्याची.

शोनेन नाइफची वाटी लांब गेली. अमेरिकेतल्या ऑलिंपिया गावात केल्विन जॉन्सन 'के' नावाची छोटी रेकॉर्ड कंपनी चालवत असे. त्यानं १९८५ साली 'बर्निंग फार्म'ची कॅसेट तिकडे काढली. शब्द समजत नसताना ती हातोहात फिरली. १९८९ साली तिकडच्या बऱ्याच बँडांनी मिळून शोनेन नाइफच्याच गाण्यांचा एक अल्बम केला. १९९१ च्या अखेरीस निर्वाणा या अमेरिकी बँडनं त्यांना आपल्या ब्रिटनच्या दौऱ्यावर सोबत नेलं. आणि १९९२ साली मोठ्या कंपनीकडून 'लेट्स नाइफ' आला. त्यात जुनीच गाणी, बरीचशी इंग्रजीत, नव्यानं मुद्रित केलेली.

पुतणीला हवं होतं ते 'नीट' रेकॉर्डिंग हेच. दोन्ही एकामागून एक ऐका. नव्यात ढोल ढोलासारखा आहे, गळा स्वच्छ आहे, प्रत्येक वाद्याला आपापली जागा आहे. वाईट मुळीच नाही. जुन्यात मात्र तिघी एकमेकींना सांभाळताना ऐकू येतात : एक पुढे धावते, दुसरी तिला गाठते, कडव्याच्या शेवटी तिघी धापा टाकत एकत्र पोचतात. नव्यात त्या पोचलेल्याच असतात.

म्हणून कच्चं ते सगळं अस्सल, असं मात्र मानू नका. कंटाळवाणी कच्ची रेकॉर्डिंगं ढिगानं आहेत, आणि हल्ली तर संगणकावर हवी तेवढी खरखर चिकटवता येते. बायकांच्या बँडला तर कच्चेपणा दोन्हीकडून जाचतो. मुलांनी वाकडं वाजवलं की ते बंड ठरतं, मुलींनी वाजवलं की "यांना येत नाही", नाहीतर "किती गोड!". दोन्ही शेरे न ऐकता मारलेले.

ऐकताना काय शोधायचं

एखाद्या बँडचं पहिलं ध्वनिमुद्रण हाती आलं, की मी ते तीनदा ऐकतो.

पहिल्यांदा भांडं ओळखायला. हा ठेका कुठला, ही चाल कुणाच्या घरची, मागचा मुलींचा 'ऊ-आ' कुठल्या वर्षातला? ओळख पटली की हुरळून जायचं नाही आणि नाकही मुरडायचं नाही.

दुसऱ्यांदा खोली ऐकायला. आवाज जवळून येतोय की लांबून? सगळे एकदम वाजवताहेत की एकेक करून? गळा वाद्यांच्या पुढे आहे की त्यांच्यात बुडालाय? गायिकेला पुढे उभं करूनही ध्वनिमुद्रणात मागे ढकललेलं असू शकतं. त्यावरून निर्णय कुणाचे चालत होते याचा अंदाज येतो.

तिसऱ्यांदा भांड्यात काय घालून परत केलंय ते ऐकायला. कधी ती मींड असते, कधी घासणी. कधी नुसता उच्चार असतो, इंग्रजी शब्दाला आलेलं ओसाकाचं किंवा मुंबईचं वळण. मूळ गाणं गाणाऱ्याला साधलं नसतं असं जे काही असेल, ते त्या बँडचं.

नागोयाची पेटी, चौलचा मांडव

हळदीतल्या बेंजोचं राहिलंच. नावानं तो अमेरिकी बँजोचा सोयरा वाटतो, पण घराणं वेगळं. १९१२ साली जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यानं तायशोगोतो नावाचं वाद्य बनवलं : लाकडी पेटीवर धातूच्या तारा आणि त्या दाबायला टाइपरायटरसारखी बटणं. एका हातानं बटणं, दुसऱ्या हातानं तारा छेडायच्या. सतारीसारखी वर्षानुवर्षांची तालीम नको, घरबसल्या कुणालाही चार चाली वाजवता याव्यात, हाच हेतू. ते आपल्याकडे आलं आणि बुलबुल तरंग झालं. बलुचिस्तानात बेंजू झालं. आपल्या किनाऱ्यावर त्याला पिकअप आणि अँप्लिफायर जोडले गेले आणि ते बेंजो झालं. घरात हळू वाजावं म्हणून केलेली पेटी टेम्पोवर चढून अख्खं गाव जागवू लागली. रवी जाधव यांनी २०१६ साली याच वाजवणाऱ्यांवर 'बँजो' हा हिंदी सिनेमा केला.

नागोयाहून ओसाका बुलेट ट्रेननं तासाभरात येतं. म्हणजे त्या रात्री माझ्या दोन कानांत जपानचीच दोन भांडी वाजत होती. एक ओसाकानं अमेरिकेतून आणून आपलं काही घालून परत पाठवलेलं. दुसरं चौलनं नागोयाकडून घेऊन त्यात हळद, ढोल आणि खारा वारा कालवलेलं.

आणि बाई पुढे उभी असण्याचं नवल तर आपल्या किनाऱ्याला असूच नये. आगरी-कोळी लग्नात दुपारी येऊन गेली ती धवलारीण म्हणजे बाईच. विधी तिच्या धवल्यांवर पुढे सरकतात. ती एक ओळ उचलते, बाकीच्या बायका मागून घेतात. पुढे एक गाणारी, मागे साथ. मायक्रोफोनची तिला कधी गरज पडली नाही.

शोनेन नाइफनं आपल्या बँडला तीस वर्षं झाली तेव्हा, २०११ साली, 'ओसाका रामोन्स' नावाचा अल्बम काढला. सगळी गाणी रामोन्सची. उसनं घेतलेलं नावानिशी, गाजावाजा करून परत केलं.

हळदीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी विहिरीवर बायका रात्रीची पातेली घासत होत्या. त्यातली निम्मी शेजारपाजारची. पुतणीनंही ओढणी खोचून सोडण हातात घेतलं होतं, आणि विहिरीच्या कठड्यावर ठेवलेल्या तिच्या फोनमधून तेच घासणीचं गाणं चाललं होतं. पातेल्यावरची खरखर आणि गाण्यातली खरखर वेगळी करता येत नव्हती. तिची आई आली, घासलेलं एक पातेलं उचलून तिनं उन्हात धरून पाहिलं, आत कागदात गुंडाळलेले पाच बुंदीचे लाडू ठेवले आणि म्हणाली, "जा, पलीकडच्या काकूंचं देऊन ये."

(पुढच्या भागात : १९०२ साली कोलकात्यात गाऊन झाल्यावर गौहर जाननं भोंग्यात स्वतःचं नाव का पुकारलं?)